चमच्याचा मासा आणि ओली वीट

गेल्या मे महिन्यात आमच्या घरातले दोन चमचे नाहीसे झाले. आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या डझनातले ते चमचे. इतक्या वर्षांत बारांचे अकरा झाले होते, ते एकदम नऊ झाले, तेव्हा पत्नीने घर डोक्यावर घेतले. मोरीत शोध झाला, शेजारी पाठवलेल्या डब्यांत शोध झाला. शेवटी थोरल्या मुलाच्या खाटेखाली एक चमचा सापडला. पण त्याला दांडा नव्हता. नुसती वाटी उरली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना खिळ्याने ठोकल्याच्या खुणा होत्या.

मुलगा आता नववीत आहे. त्याला समोर बसवून विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "पप्पा, मासा करत होतो."

"चमच्याचा मासा?"

"खोटा मासा. खरा पकडायला."

मग त्याने मोबाईलवर आम्हाला एक चित्रफीत दाखवली. फिनलंड देशातले गोठलेले तळे, त्यावर जाड कपडे घातलेला एक म्हातारा स्टुलावर बसलेला. बर्फाला त्याने गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडले होते. हातात दोन फुटांची काठी, तिला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला चमच्याच्या वाटीतून कापलेला चकचकीत तुकडा. म्हातारा काठीचे टोक जरा उचली, जरा सोडी. थोड्या वेळाने मासा वर आला.

आमच्या मुलाचा पहिला प्रश्न असा की, वर बर्फ झाला तर खाली मासे जिवंत कसे राहतात? त्याचे उत्तर आम्हाला शाळेतल्या विज्ञानातून आठवत होते. पाणी सगळ्यात जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर येते आणि गोठलेला बर्फ तर तरंगतोच. त्यामुळे तळे वरून गोठते, तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहते आणि मासे त्यात सुस्त होऊन हिवाळा काढतात. सुस्त मासा आमिषामागे लांब पळत नाही. म्हणून बर्फावरचा माणूस खोटा मासा दूर फेकून ओढत नाही, माशाच्या तोंडापुढे नेऊन जागच्या जागी नाचवतो. आमच्याकडचा बर्फ वेगळा. तो कारखान्यातून लाद्यांनी येतो, बोटीवर फोडला जातो आणि माशाची गाठ त्याच्याशी पडते ती मेल्यावर.

चमच्याची कल्पनाही त्या म्हाताऱ्याची नव्हे. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल नावाच्या गृहस्थाने चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट १८५२ साली घेतले. त्याच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला आणि बुडत्या चमच्यावर मासा झेपावला, अशी गोष्ट सांगतात. फिनलंडच्याच लॉरी रापाला या गरीब मच्छीमाराने १९३६ साली चांभाराच्या चाकूने बुचाचे लाकूड कोरून मासा केला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि पाणी लागू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. त्याने नुसते पाहून ओळखले होते की, मोठा मासा थव्यातल्या धडधाकट माशामागे जात नाही, लटपटत चाललेल्या जखमी माशामागे जातो. म्हणून त्याचा लाकडी मासा पाण्यात लटपटत चाले. पुढे त्याच्या नावाने मोठा धंदा उभा राहिला. पण सुरुवात घरातल्या टाकाऊ वस्तूंतून झाली, हे महत्त्वाचे.

मुलाला हे सारे परदेशातले नवल वाटत होते. आम्ही काही न बोलता स्टूल घेतले, माळ्यावर चढलो आणि एक गंजका बिस्किटांचा डबा खाली काढला. तो आमच्या कालकथित वडिलांचा डबा. ते २०१९ साली गेले, तेव्हापासून तो कोणी उघडला नव्हता.

डब्यात काय होते ते सांगतो. लाकडाच्या फळीला गुंडाळलेला तंगूस. काही विकतचे गळ, काही घरी केलेले. किल्ल्यांच्या जुडग्याच्या कड्या. कोंबड्याची पांढरी पिसे. टूथपेस्टच्या जुन्या पत्र्याच्या नळ्या कापून केलेल्या माशाच्या आकाराच्या पट्ट्या. दांडा कापलेला एक चमचा, दोन्ही टोकांना भोके पाडलेला. डझनभर लोखंडी नट. आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात बांधलेला शिशाचा एक गोळा.

आजोबांचा चमचा पाहून मुलाचे डोळे मोठे झाले. त्याने गोळ्याला हात घातला तेव्हा मात्र आम्ही तो त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याला साबणाने हात धुवायला पाठवले. आमचा आवाज जरा चढला असावा, कारण पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्यामागचे कारण आम्ही तेहतीस-चौतीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आमचे वडील परभणी जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळाने घर उठवले आणि दोन वर्षे खडी फोडून झाल्यावर ते एका गाववाल्याच्या ओळखीने इकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले. एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, बोईसरला चाळीत एक खोली घेतली. गावात असताना त्यांनी मासे पकडले होते ते टाचणी वाकवून आणि कणकेची गोळी लावून, तेही ओढ्याच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला आपल्या माणसांनी जायचे नसे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडचे तळे खुले केले, पण आमच्या वडिलांच्या गावातला तो ओढा त्यांच्या लहानपणीही पुरता खुला झाला नव्हता.

इकडे आल्यावर त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. तारापूर आणि चिंचणी या दोन गावांच्या मधून खाडी आत येते, तिच्या तोंडाशी जुना किल्ला आहे. वडील सुट्टीच्या दिवशी सायकलवरून तिथे जाऊन बसत. आम्हाला पुढे ते नेहमी सांगत, "लेकरा, मी पयल्या दिवशी नुसता बघतच होतो की आता कोणी येऊन उठवतंय का. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही."

तिथेच एका मांगेला तांडेलांशी त्यांची ओळख झाली. वडील त्यांना तांडेलदादा म्हणत, ते वडिलांना भाऊ म्हणत. त्यांच्याकडून वडिलांना भरती-ओहोटी कळली. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आगेमागचा भांग यांतला फरक कळला. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते. उधाणाच्या दिवसांत ते जोरात धावते, तळाचा गाळ उठतो आणि माशाला चमकणारी वस्तू दिसतच नाही. तेव्हा वासाचे आमिष हवे, म्हणजे कोलंबी नाही तर माकुळाची पट्टी. भांगाच्या दिवसांत पाणी संथ होते, गाळ खाली बसतो. तेव्हा चमचा चालतो.

कोलंबीला पैसे पडत. आणलेली कोलंबी आई माशाला घालू देत नसे. ती म्हणे, "ही कालवणात जाईल, तुमच्या गळाला दगड लावा." म्हणून वडिलांनी खोटे मासे करायला सुरुवात केली. आमच्या घरात सात तोंडे होती आणि एक पगार. खाडीतून आलेली बोय, शिंगाळा, कधी नशिबाने जिताडा, म्हणजे आठवड्यातले एक पोटभर जेवण असे. त्यात हौस कमी आणि गरज जास्त होती.

ते कसे करत ते इथे देतो, कोणा वाचकाच्या मुलाला सुट्टीत उपयोगी पडेल.

गळासाठी ते गोणी शिवायचा जाड दाभण घेत. दाभणाचे पोलाद कडक असते, तसेच वाकवले तर मोडते. आधी तो चुलीत लाल करायचा, खिळ्याभोवती वाकवायचा, मग पुन्हा लाल करून तेलात बुडवायचा, म्हणजे कडकपणा परत येतो. टोक कानशीने घासायचे. पुढे विकतचे गळ स्वस्त मिळू लागले आणि हे बंद झाले.

चमच्याचा दांडा कापून वाटी तेवढी ठेवायची. दोन्ही टोकांना भोके पाडायची. निमुळत्या टोकाच्या भोकात कडी घालून तिला तंगूस बांधायचा, रुंद टोकाच्या कडीला गळ. वाटीच्या खोलगटपणामुळे पाणी तिला एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला ढकलते आणि ती जखमी माशासारखी लटपटते. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या, नाहीतर कडी झिजते आणि तंगूस तुटतो.

पिसाचे आमिष त्याहून सोपे. कोंबड्याचे पांढरे पीस गळाच्या दांडीला दोऱ्याने घट्ट गुंडाळायचे आणि गाठीवर नखांना लावायच्या रंगाचा थेंब द्यायचा. आमच्या आईकडे असला रंग नव्हता, वडील तो शेजारच्या ताईकडून मागून आणत आणि चाळीतल्या बायका त्यावर महिनाभर हसत.

राहिले वजन. हलकी वस्तू खाली जात नाही, धारेला लागते. त्यासाठी सगळे मच्छीमार शिसे वापरत, वडीलही वापरत. गॅरेजमधून चाकाला लावायच्या जुन्या वजनांचे तुकडे, कधी भंगारवाल्याकडून जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या. शिसे ३२७ अंशांना वितळते, रॉकेलच्या स्टोव्हवर जुन्या पळीत सहज होते. एका भाजक्या विटेत वडिलांनी छिन्नीने खाचा केल्या होत्या. त्यात शिसे ओतायचे, मध्ये खिळा उभा धरायचा, म्हणजे ओवायला भोक राहते. ही वीट ते नेहमी चुलीमागे ठेवत, कोरडी राहावी म्हणून.

१९९१ सालचा पावसाळा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष, वस्तीत सगळीकडे निळ्या पताका अजून होत्या. आम्ही अकरा वर्षांचे, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. आदल्या दिवशी वडिलांनी विटेच्या खाचा घासून बाहेर ओट्यावर ठेवली होती आणि आम्हाला सांगितले होते, "संध्याकाळी वीट आत घे." आम्ही खेळण्यात विसरलो. रात्रभर पाऊस पडला. सकाळी वडिलांनी स्टोव्ह पेटवला तेव्हा आम्हाला आठवले. आम्ही धावत जाऊन वीट आणली, फडक्याने पुसली, वरून ती कोरडी दिसत होती.

वडिलांनी विचारले, "वीट आतच होती ना रं?"

आम्ही म्हणालो, "हो."

एवढाच शब्द. मार बसेल या भीतीने तो तोंडातून गेला.

पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पटींनी फुगते. विटेच्या पोटात मुरलेल्या पाण्यावर ३२७ अंशांच्या वरचे शिसे पडले, वाफेला वाट मिळाली नाही आणि फटाक्यासारखा आवाज होऊन शिसे वर उडाले. वडिलांच्या मनगटावर चार थेंब पडले. भाऊ समोर उकिडवा बसून पाहत होता. त्याच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर आणि करंगळीवर ते पसरले. एक थेंब भुवईला लागला. बोटभर खाली लागता तर डोळा गेला असता.

चाळीतली माणसे जमली. कोणी टूथपेस्ट लावली, कोणी शाई ओतली. दवाखान्यात डॉक्टर खूप रागावले. भाजल्यावर वीस मिनिटे तरी वाहत्या थंड पाण्याखाली धरायचे, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावायचे नाही आणि फोड फोडायचे नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळले. आज आरोग्य शिबिरांतून आम्ही स्वतः हे सांगतो. ऐकणाऱ्यांना वाटते, पुस्तकातले सांगतात.

भावाची जखम भरली, पण कातडी आखडून करंगळी वाकडी राहिली. मोठा झाल्यावर त्याला पोलिसात जायचे होते. धावण्यात, उडीत तो पुढे होता. वैद्यकीय तपासणीत ते बोट आडवे आले. मग तो विजेची कामे शिकला, आज विरारला राहतो, चार माणसांचे कुटुंब स्वतःच्या हिमतीवर चालवतो.

वडिलांनी त्या दिवसापासून शिसे वितळवले नाही. उरलेला गोळा कागदात बांधून डब्याच्या तळाशी टाकला आणि भंगारवाल्याकडून लोखंडी नट विकत आणले. आई कधी त्या दिवसाविषयी बोलली की ते म्हणत, "वीट मी हातात घेऊन बघायला पायजे होती." आम्ही तिथेच असू. शेवटच्या आजारपणात त्यांनी भावाचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "तुझी नोकरी माझ्यापायी गेली." आम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होतो. तेव्हाही बोललो नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला आता कशाला त्रास, अशी आम्ही आमची समजूत घातली. खरे कारण ते नव्हते.

वाचकांपैकी कित्येकांच्या मनात एव्हाना पंचशीलाचा विषय आला असेल. मासे धरणारा माणूस पहिले शील कसे पाळतो, असे आम्हालाही विहारात तरुणांनी विचारले आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. सात तोंडांसाठी खाडीवर बसणारे आमचे वडील कोणत्या बाजूला येतात, याविषयी आमच्या मनात कधी संशय आला नाही. आमची स्वतःची अडचण चौथ्या शीलाची होती. दर पौर्णिमेला ‘मुसावादा वेरमणी’ म्हणताना त्या विटेची आठवण येई आणि आम्ही आवाज जरा मोठा करत असू.

डबा उघडला त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. भाऊ मुलाबाळांसह आला. खीर झाली, जेवणे झाली. मुलाने काकाला आजोबांचा चमचा दाखवला आणि शिशाचा गोळा पप्पांनी का काढून घेतला, असे विचारले. भाऊ हसत म्हणाला, "तुझ्या आजोबांनी ओल्या विटेत शिसं ओतलं होतं, म्हणून." आम्ही म्हणालो, "बाबांनी नाही. वीट मी पावसात ठेवली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

घरात कोणी बोलेना. भावाने खिरीची वाटी खाली ठेवली. बऱ्याच वेळाने त्याने एवढेच विचारले, "बाबा होते तोवर का नाही सांगितलंस, दादा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तो रागावला नाही, मिठीही मारली नाही. संध्याकाळच्या गाडीने गेला. गेटपर्यंत पोहोचवायला गेलो तर मागे वळून पाहिले नाही.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला तो मुलासाठी. म्हणाला, "पोराला खिळ्याने भोकं पाडायला लावू नकोस. स्टीलचा चमचा आहे, हातातून सटकेल. येत्या रविवारी मी ड्रिल घेऊन येतो."

तो आला. त्याने मुलाला शिकवले की आधी पंचाने खूण करायची, चमचा लाकडावर शिकंज्यात धरायचा, हातात नाही. ड्रिल हळू फिरवायचे, वर तेलाचा थेंब टाकायचा, डोळ्यांवर चष्मा लावायचा. वाकड्या करंगळीच्या हाताने तो शिकंजा आवळत होता. आम्ही बाजूला बसून पॉलिश पेपर घासत होतो. विटेचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही.

शिशाविषयी मात्र आम्ही मुलाला सविस्तर सांगितले, इथेही सांगतो. भाजण्याचा धोका दिसतो तरी. शिशाचा दुसरा धोका दिसत नाही. वितळवताना त्याची धूळ आणि राख हातांवर, भांड्यांवर, घरातल्या जमिनीवर बसते आणि मुलांच्या तोंडावाटे पोटात जाते. मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधून शिसे काढले गेले, घरगुती रंगांवर २०१६ च्या नियमांनी मर्यादा आली. ब्रिटनमध्ये गळाची लहान शिशाची वजने गिळून हंस मरू लागले, म्हणून १९८७ पासून त्यांवर बंदी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत १९९७ पासून ५० ग्रॅमच्या आतली शिशाची वजने चालत नाहीत. आमच्या वडिलांना यातले काही ठाऊक नव्हते, पण ते लोखंडी नटावर १९९१ सालीच आले. नट गंजतो, हीच त्याची चांगली बाजू. गंजून मातीत जातो, कोणाला विष होत नाही. त्याला भोक आयते असते, वितळवायला लागत नाही. ज्यांच्या घरी अजून शिसे वितळवतात, त्यांनी ते बंद करावे. निदान स्वयंपाकाची पळी, स्वयंपाकघर आणि लहान मुले यांपासून दूर ठेवावे.

शिशाचा तो गोळा कुठे टाकायचा, हाही प्रश्न होता. खाडीत टाकणार नाही हे नक्की. तिच्यात आधीच काय कमी पडते! आम्ही ज्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाच्या वह्या लिहून पोट भरतो, तीच ही वसाहत. २०१८ च्या केंद्रीय मूल्यमापनात प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूरचे नाव देशात पहिले आले. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने प्रदूषणाची भरपाई भरण्याचे आदेश दिले. ज्या तांडेलांनी आमच्या वडिलांना भांग आणि उधाण शिकवले, त्यांच्या नातवंडांचा हा लढा आहे. आमचा पगार एका बाजूला आणि त्यांचे जाळे दुसऱ्या बाजूला. यात आम्ही कुठे उभे आहोत, हे मुलाने विचारले तर त्याला खोटे सांगायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. गोळा भावाच्या ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे दिला, तिथून तो शिसे गोळा करणाऱ्या कारखान्यात जातो.

पुढच्या भांगाला आम्ही तिघे खाडीवर गेलो. मुलगा, भाऊ आणि आम्ही. मुलाने आपला चमचा सोडला, फिनलंडच्या म्हाताऱ्यासारखी काठी उचलली, सोडली. दोन तासांत त्याला प्लास्टिकची पिशवी लागली आणि एक चप्पल. भावाने कोलंबी लावून एक शिंगाळा काढला आणि त्याच्या काट्याचा दंश किती दुखतो, हे सांगून तो कसा धरायचा ते दाखवले.

तिसऱ्या खेपेला चमच्यावर मासा आला. वीतभर लांबीचा जिताडा, चांदीसारखा. मुलगा ओरडत सुटला. मग स्वतःच म्हणाला, "काका, हा लहान आहे." भाऊ म्हणाला, "सोड. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. एवढासा मारला तर अंडी घालणारच नाही." हे त्यालाही वडिलांनीच सांगितलेले. गळाचा उलटा काटा आम्ही आधीच कानशीने घासून टाकला होता, म्हणून तोंड न फाटता मासा सुटला आणि पाण्यात गेला.

घरी येताना मुलाने विचारले, "पप्पा, खायचाच नसेल तर त्याला गळ टोचायचा तरी कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे. आम्ही त्याच्याशी बोलून नियम केला. खोटे मासे हवे तितके करावेत, पण पाण्यात सोडायचे ते घरी कालवण करायचे असेल तेव्हाच. सांडपाण्याच्या तोंडाशी बसायचे नाही. तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही, खिशात घालून आणायचा. तो शेकडो वर्षे कुजत नाही आणि त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. आमच्या घरी दोन पगार येतात, गरजेचे कारण आता आमच्याकडे नाही. त्यामुळे मुलगा खाडीवर कमी जातो आणि घरी पिसे आणि पट्ट्या घेऊन जास्त बसतो. पत्नीने त्याला उरलेल्या नऊ चमच्यांची मोजदाद करून दिली आहे.

भाऊ आता महिन्यातून एकदा येतो, पूर्वी वर्षातून दोनदा येत असे. त्या दिवसाविषयी तो एकदाच बोलला. ड्रिल पिशवीत भरताना म्हणाला, "दादा, बाबांना एवढं तरी कळायला पाहिजे होतं की चूक त्यांची नव्हती."

ते आता कळवता येणार नाही. म्हणून ते इथे लिहिले. ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील अजून आहेत आणि ज्यांच्या पोटात अशी एखादी ओली वीट आहे, त्यांनी ती आजच बाहेर काढावी. आम्ही चौतीस वर्षे थांबलो, ते चुकले.